डॉ. जे. बी. डान्क्वा : चौकशीविना बंदिवान

मंगळुरी कौलांच्या छपराखाली वाढलेल्या वाचकांना बासेल मिशन हे नाव अगदी अपरिचित नसावे. मंगळूर येथे १८६५ साली या मिशनने कौलांचा कारखाना काढला. धारवाड-हुबळीकडील जुन्या मंडळ्याही याच मिशनच्या श्रमांचे फळ होत. हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १८२८ पासूनच, या मिशनचे लोक पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काम करू लागले होते. त्या प्रदेशाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. पुढे त्याचे घाना झाले. तेथे क्वाहू भागातील बेपाँग या गावी डिसेंबर १८९५ मध्ये जोसेफ बोआक्ये डान्क्वा यांचा जन्म झाला.

वडील पूर्वी राजदरबारी मुख्य नगारजी होते. ख्रिस्ती झाल्यावर ते बासेल मिशनचे सुवार्तिक बनले. मुलाला सहाव्या वर्षी क्येबी येथील मिशन शाळेत घातले. पुढचे शिक्षण बेगोरोच्या मिशन शाळेत झाले. शाळा संपल्यावर तो अक्रा येथे एका बॅरिस्टराकडे कारकून राहिला व नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या कचेरीत लागला. आरोपी, पुरावा, साक्ष, निकाल हे शब्द त्याच्या कानावर पुस्तकांआधी कचेरीतून पडले. सावत्र थोरले बंधू नाना सर ओफोरी आटा हे आक्येम अबुआक्वाचे राजे होते. त्यांनी १९१५ साली या हुशार भावाला आपला चिटणीस नेमले आणि १९२१ साली कायदा शिकण्यास विलायतेला धाडले.

तेथे आरंभीच अपयश आले. लंडन विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत डान्क्वा दोनदा नापास झाले. आपल्या शब्बाथ शाळांतील ज्या मुलांना एका नापासाने जग बुडाल्यासारखे वाटते त्यांना हे जरूर सांगावे. तिसऱ्या वेळी ते उत्तीर्ण झाले. पुढे तत्त्वज्ञानाची पदवी, १९२६ साली बॅरिस्टरी आणि १९२७ साली तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट, असे सर्व पदरात पाडून ते मायदेशी परतले.

परत आल्यावर त्यांनी किती उद्योग केले! वकिली तर होतीच. शिवाय १९२८ साली अकान लोकांच्या कायदे व चालीरीतींवर ग्रंथ लिहिला, १९३१ साली वर्तमानपत्र काढले, नाटके लिहिली. आपल्या लोकांची देवाविषयीची जुनी कल्पना काय होती यावर १९४४ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. मिशन शाळेत शिकलेल्या माणसाने स्वतःच्या पूर्वजांच्या श्रद्धेकडे आदराने पाहिलेले त्यात दिसते. देशात विद्यापीठ व्हावे म्हणून ते झगडले. स्वतंत्र देशाला घाना हे प्राचीन साम्राज्याचे नाव मिळाले तेही त्यांच्या संशोधनामुळे व आग्रहामुळे. त्या साम्राज्याशी अकान लोकांचे नाते होते हे त्यांचे मत पुढच्या इतिहासकारांना तितकेसे पटले नाही. नाव मात्र राहिले.

ऑगस्ट १९४७ मध्ये सॉल्टपाँड येथे डान्क्वा व त्यांच्या मित्रांनी स्वराज्याच्या मागणीसाठी एक पक्ष स्थापन केला. पक्षाला पूर्णवेळ चिटणीस हवा होता. एको अद्जेई नावाच्या तरुण वकिलाने इंग्लंडमधील आपल्या एका ओळखीच्या माणसाचे नाव सुचवले. ते नाव होते क्वामे एन्क्रूमा. एन्क्रूमा आले. फेब्रुवारी १९४८ मध्ये माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन तिघे ठार झाले व दंगली उसळल्या. तेव्हा ब्रिटिश सरकारने डान्क्वा, एन्क्रूमा, अद्जेई व आणखी तिघांना धरून नेले. हे सहा जण घानाच्या इतिहासात राष्ट्राचे सहा पुढारी म्हणून ओळखले जातात. चौकशीविना अटकेत राहणे म्हणजे काय, हे त्या सहाही जणांनी तेव्हा अनुभवले होते, एवढे वाचकांनी पुढील हकिकतीसाठी ध्यानात ठेवावे.

वर्षभरात फाटाफूट झाली. एन्क्रूमांनी १९४९ साली स्वतःचा पक्ष काढला आणि सामान्य लोक त्यांच्या मागे गेले. डान्क्वा हे विद्वान खरे, पण राजघराण्यातले. त्यांचे भाषण वकिलाचे असे. बाजारात, गोदीत, शेतमळ्यात एन्क्रूमांची वाणी पोहोचली तशी त्यांची पोहोचली नाही. १९५१ साली ते विधिमंडळात निवडून आले, परंतु १९५४ व १९५६ या दोन्ही निवडणुकांत पडले. लोकांनी त्यांना नाकारले हे त्यांचा चाहता असूनही मला लपवता येणार नाही. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान एन्क्रूमा होते, आणि तो त्यांचा हक्क होता.

स्वातंत्र्याला दीड वर्षही झाले नव्हते तोच, १९५८ साली, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा मंजूर झाला. देशाच्या सुरक्षिततेला एखाद्या नागरिकापासून धोका आहे असे सरकारला वाटले की त्याला पाच वर्षांपर्यंत खटल्याविना तुरुंगात ठेवता येईल, असा तो कायदा. एकट्या घानाला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या देशातही १९५० सालापासून स्थानबद्धतेचा कायदा होता, मात्र त्यात प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवण्याची तरतूद होती. एन्क्रूमांच्या सरकारची भीती सर्वस्वी खोटी होती असेही नाही. नवे राष्ट्र, जमातीजमातींतील तेढ, पुढे बाँबहल्लेही झाले. परंतु ज्याला पकडले तो खरोखर अपराधी आहे की नाही हे पाहणारा तिऱ्हाईत माणूसच या कायद्याने बाजूला केला. विरोधी पक्षाचे पुढारी एकामागून एक आत जाऊ लागले.

एप्रिल १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. एन्क्रूमांविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य डान्क्वांनी केले. एन्क्रूमांना १० लाखांवर मते पडली, डान्क्वांना सव्वा लाखाच्या आसपास. पासष्टीकडे झुकलेल्या माणसाने यानंतर घरी बसून ग्रंथ लिहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते पुन्हा काळा झगा घालून न्यायालयात उभे राहिले.

आशान्ती राजाचे प्रवक्ते बाफूर ओसेइ अकोटो व त्यांचे सात सोबती नोव्हेंबर १९५९ पासून स्थानबद्ध होते. त्यांच्या वतीने हेबिअस कॉर्पसचा अर्ज, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे हजर करून कैदेचे कारण दाखवा असा अर्ज, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो डान्क्वांनी चालवला. प्रजासत्ताकाच्या संविधानात राष्ट्राध्यक्षाने पद स्वीकारताना करावयाची एक जाहीर प्रतिज्ञा होती. राजकीय मतांसाठी कोणाला वेगळी वागणूक मिळू नये, भाषण, सभा व धर्म यांचे स्वातंत्र्य आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क कोणाचाही हिरावला जाऊ नये, अशा आशयाची तत्त्वे तीत होती. डान्क्वांचे म्हणणे सरळ होते. राष्ट्राध्यक्ष ज्या तत्त्वांची जाहीर ग्वाही देऊन खुर्चीवर बसतो, ती मोडणारा कायदा टिकता कामा नये. आणि सरकारने दिलेले कारण खरे आहे की नाही, हे न्यायालयाने तपासले पाहिजे.

ऑगस्ट १९६१ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा व त्यांचे दोन सहकारी यांनी अर्ज फेटाळला. ती प्रतिज्ञा इंग्लंडच्या राजाने राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेल्या शपथेसारखी आहे, नैतिक बंधन आहे, न्यायालयातून बजावता येईल असा कायदा नव्हे. राष्ट्राध्यक्ष चुकला तर लोकांनी मतपेटीतून त्याला जाब विचारावा, असे त्यांनी ठरवले. मी कायद्याचा पंडित नाही. तरी मला राहून राहून वाटते की मतपेटीपर्यंत जाण्याआधीच ज्याला कोठडीत टाकले आहे, त्याने जाब विचारायचा कोठून? तुरुंगातील माणसाला मतदार होऊन न्याय मिळवता येत नाही. म्हणून तर तो न्यायाधीशाकडे येतो.

निकालानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच, ३ ऑक्टोबर १९६१ रोजी, डान्क्वा स्वतः त्याच कायद्याखाली पकडले गेले. बंदरातील व रेल्वेतील कामगारांच्या संपानंतरची ती धरपकड होती. खटला भरला नाही. जून १९६२ मध्ये त्यांना सोडले. सुटून आलेल्या या वृद्ध कैद्याला देशातील वकिलांनी आपल्या संघाचे अध्यक्ष निवडले.

पुढची दोन वर्षे घानाला फार वाईट गेली. ऑगस्ट १९६२ मध्ये कुलुंगुगू येथे एन्क्रूमांवर हातबाँब फेकण्यात आला. त्या कटात त्यांच्याच सरकारातील तिघांना आरोपी केले. त्यांतील एक एको अद्जेई! ज्याने एन्क्रूमांचे नाव सुचवले तोच. डिसेंबर १९६३ मध्ये कोर्सा यांच्या न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून तिघांना निर्दोष ठरवले. दोनच दिवसांत एन्क्रूमांनी सरन्यायाधीशांना बडतर्फ केले आणि निकाल रद्दबातल ठरवला गेला. अकोटोच्या खटल्यात सरकारचा हात न अडवणाऱ्या न्यायाधीशावर अडीच वर्षांत ही पाळी आली. जानेवारी १९६४ मध्ये सार्वमत घेऊन एकपक्षीय राज्य आणि न्यायाधीशांना काढण्याचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार या दोन्ही गोष्टी पक्क्या केल्या.

त्याच जानेवारीच्या आरंभी एका पोलिसाने एन्क्रूमांवर गोळ्या झाडल्या. ८ जानेवारीस डान्क्वांना पुन्हा धरले. या वेळीही आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, तारीख नाही. न्सवामच्या तुरुंगात अरुंद कोठडी, अडुसष्ट वर्षांचे वय, ढासळती प्रकृती. तेथून त्यांनी एन्क्रूमांना पत्र लिहून आपली अवस्था कळवली व सुटका मागितली. सुटका झाली नाही. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी हृदय बंद पडून तुरुंगातच त्यांचा अंत झाला. ज्या वकिलाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, त्याला स्वतःची बाजू मांडायला एक दिवस मिळाला नाही. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष आझिकिवे यांनी या मृत्यूबद्दल उघड खेद व्यक्त केला. शेजारच्या राष्ट्रप्रमुखाने असे बोलणे त्या काळी सोपे नव्हते.

वर्षभरात, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, सेनेने व पोलिसांनी एन्क्रूमांना पदच्युत केले. न्सवामचे दरवाजे उघडले व शेकडो स्थानबद्ध बाहेर आले. डान्क्वांचा अंत्यविधी राष्ट्रीय सन्मानाने झाला. पण लगेच नव्या लष्करी सरकारने स्वतःचा हुकूम काढला. त्याला संरक्षणात्मक ताबा असे गोंडस नाव होते, आणि त्याखाली एन्क्रूमांचे मंत्री व कार्यकर्ते खटल्याविना कोठडीत गेले. एन्क्रूमांनी उरलेला बराचसा काळ गिनी देशात आश्रयाला काढला. १९७२ साली बुखारेस्ट येथे ते वारले.

घानाच्या १९९२ च्या संविधानात अटकेतील संशयिताला ४८ तासांत न्यायालयापुढे नेलेच पाहिजे असे कलम आले. एको अद्जेई यांना दुसऱ्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी करण्यात आली. १९६६ साली ते जिवंत बाहेर आले. त्यानंतर ते राजकारणापासून बहुतेक दूरच राहिले. जानेवारी २००२ मध्ये, त्या सहा जणांतले शेवटचे म्हणून, त्यांचे निधन झाले.