किल्लेकोटाविना जिंकलेला डाव

बुद्धिबळाची गोडी असलेल्यांना मीर सुलतान खान हे नाव ठाऊक असते. जुने डाव पटावर मांडायला बसलो की माझा हात हमखास त्यांच्याच एका डावाकडे वळतो. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले, तो हा डाव.

सुलतान खान पंजाबातील मिठा टिवाना गावचे. लहानपणी शिकले ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकते आणि किल्लेकोट नसतो. जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा तरुण १९२९ मध्ये त्यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता ठरला! डावाच्या सुरुवातीचे पुस्तकी ज्ञान मात्र बेताचेच होते.

हेस्टिंग्जचा डाव क्वीन्स इंडियन बचावाचा. पांढरी मोहरी सुलतान खानांकडे. पाचव्या खेळीला त्यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एकच घर पुढे केले. खेळी साधी, पण काळ्या उंटाची वाट अडवणारी. हीच पद्धत पुढे पेट्रोस्यानच्या नावाने ओळखली गेली. कास्पारोव्हनेही ती आवडीने वापरली. कापाब्लांकाने आठव्या खेळीला किल्लेकोट केला. सुलतान खानांनी तो केलाच नाही. काळे हत्ती आत घुसले तेव्हा त्यांनी वजिराच्या मोबदल्यात दोन्ही हत्ती घेतले, त्यातला एक तर खुद्द राजाने मारला! मग घाई न करता डाव आवळत नेला. ६५ खेळ्यांनंतर कापाब्लांका हरला.

१९३२ आणि १९३३ मध्येही ते ब्रिटिश विजेते झाले. पण १९३३ च्या डिसेंबरात उमर हयात खान मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर हेही परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी झालेल्या सामन्यात त्यांनी दहा डावांत एकच बरोबरी दिली, बाकी सारे जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धांना ते दुरावले ते कायमचेच. १९६६ मध्ये सरगोध्यात त्यांचे निधन झाले. ग्रँडमास्टर हा सन्माननीय किताब जागतिक संघटनेने दिला तो २०२४ मध्ये!

पटावर त्यांच्या राजाला तटबंदी लागली नाही. पटाबाहेर मात्र युरोपात राहायचे की परतायचे, हे आश्रयदात्याच्या मुक्कामावर ठरत होते. तो डाव मांडताना मला दरवेळी वाटते, त्यांच्या हाती स्वतःचे तिकीट असते, तर असे आणखी किती डाव आपल्याला मिळाले असते?