बूट कारखान्यांच्या शहरातील अजिंक्यवीर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले ब्रॉक्टन हे कामगारांचे लहान शहर. एके काळी बुटांच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथे १ सप्टेंबर १९२३ रोजी एका गरीब इटालियन कॅथलिक कुटुंबात मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो याचा जन्म झाला. वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूने अधू झाले होते. तरी सहा मुलांसाठी ते बूट कारखान्यात राबत राहिले.

रॉकीने शाळा अर्धवट सोडली. बेसबॉलपटू व्हायचे स्वप्न १९४७ साली भंगले. मग तो मुष्टियुद्धाकडे वळला. उंची बेताची, हात आखूड. पण प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी त्याला वाकून लढायला शिकवले. उणीवच त्याचे बळ ठरली.

१९५१ साली त्याने लहानपणापासूनचे आपले दैवत, उतारवयातील जो लुईस यांना हरवले आणि नंतर त्यांच्यासाठी तो रडला. १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध पहिल्याच फेरीत तो खाली पडला, गुणांतही मागे होता. तेराव्या फेरीत मात्र जगज्जेता झाला.

४९ लढती, ४९ विजय. १९५६ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात त्याचे निधन झाले.

जिंकणारे पुष्कळ असतात. हरलेल्यासाठी डोळे पुसणारा विजेता आम्हांला अधिक मोठा वाटतो.