मादाम क्युरी यांची लहानग्यांची प्रयोगशाळा

मादाम क्युरी म्हटले की रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिके डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या चरित्रातील एक छोटा अध्याय मात्र सहसा सांगितला जात नाही. १९०७ पासून सुमारे दोन वर्षे पॅरिसमध्ये दहाएक मुलांना त्या स्वतः पदार्थविज्ञान शिकवीत होत्या. ही मुले शाळेत जात नव्हती आणि त्यांचे आईवडीलच त्यांचे शिक्षक होते. बाटली, पाणी, मीठ, अंडे, सायकलीतील पोलादी गोळ्या हे त्या वर्गाचे साहित्य. जगन्मान्य शास्त्रज्ञाने, तेही वैधव्याच्या पहिल्याच वर्षी, हा खटाटोप का करावा? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते.

मारिया स्क्लोडोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. स्वतंत्र राष्ट्र म्हणून पोलंड त्या वेळी नकाशावर उरला नव्हता आणि वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता. शाळेत शिकवण्याची भाषा रशियन होती. पोलिश भाषा आणि इतिहास शिकायचा तर तपासनीसाची चाहूल घेत, पुस्तके लपवीत शिकावा लागे. मारियाचे वडील व्लादिस्लाव हे गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्यांच्या खोलीत काचेचे एक कपाट होते. त्यात काचेच्या नळ्या, नाजूक तराजू, खनिजांचे नमुने आणि सोन्याच्या वर्खाचे विद्युतदर्शक अशी उपकरणे मांडलेली असत. सरकारने शाळांतील विज्ञानाचे तास कमी केल्यामुळे ही उपकरणे वर्गात नेण्याची सोय राहिली नव्हती. लहानगी मारिया त्या कपाटापुढे उभी राहून आतल्या वस्तू न्याहाळीत असे. विज्ञानाशी तिची पहिली ओळख अशी काचेपलीकडूनच झाली.

घरावर आघातही लवकर आले. वडिलांची वरची जागा गेली, राहते घर गेले आणि चरितार्थासाठी घरात विद्यार्थी ठेवून घ्यावे लागले. १८७६ मध्ये थोरली बहीण झोफिया विषमज्वरासारख्या टायफस तापाने दगावली आणि १८७८ मध्ये क्षयाने आई गेली. तशाही स्थितीत मारियाने १८८३ मध्ये सुवर्णपदक मिळवून शालेय शिक्षण पूर्ण केले. पण वॉर्साच्या विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. तेव्हा तिने गुप्तपणे भरणाऱ्या फिरत्या विद्यापीठाच्या वर्गांना जाण्यास सुरुवात केली. पकडले जाऊ नये म्हणून हे वर्ग आज एकाच्या घरी, तर उद्या दुसऱ्याच्या घरी भरत.

पुढे पॅरिसमध्ये वैद्यक शिकणाऱ्या बहिणीला पैसे पाठवता यावेत म्हणून मारिया खेड्यातील एका सधन कुटुंबात शिकवणीला राहिली. तेथील शेतकऱ्यांच्या मुलांना ती फावल्या वेळात पोलिश लिहा-वाचायला शिकवी. हा सरकारच्या दृष्टीने गुन्हा होता. वॉर्साला परतल्यावर नात्यातील भाऊ युझेफ बोगुस्की यांच्यामुळे तिला उद्योग व कृषी संग्रहालयाची छोटी प्रयोगशाळा वापरावयास मिळाली. संध्याकाळी आणि रविवारी ती तेथे जाई आणि पुस्तकात वाचलेले प्रयोग एकटीच करून पाही. काही साधत, बरेच फसत. पण वयाच्या तेविसाव्या वर्षी का होईना, कपाटाची काच आता मध्ये राहिली नव्हती.

१८९१ मध्ये ती पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात दाखल झाली. १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली, तर पुढच्या वर्षी गणितात दुसरी. याच काळात तिची पिएर क्युरी यांच्याशी गाठ पडली. पिएर लहानपणी कधी शाळेत गेलेच नव्हते. त्यांची बुद्धी एका विषयात खोल बुडून जाणारी होती. शाळेच्या घंटेबरोबर विषय बदलणे तिला मानवणार नाही, हे ओळखून डॉक्टर वडिलांनी त्यांचे शिक्षण घरीच केले होते. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा अठराव्या वर्षी पदवीधर झाला. १८९५ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि मारिया स्क्लोडोव्स्का मादाम क्युरी झाली.

त्यानंतरची कथा सर्वपरिचित आहे. गळक्या छपराच्या पडवीवजा शाळेत त्यांनी टनावारी पिचब्लेंड खनिज उकळले, गाळले. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम या मूलद्रव्यांची घोषणा झाली आणि १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड हाती आले. १९०३ च्या नोबेलमध्ये पतिपत्नी दोघांचा वाटा होता. याच धकाधकीत १९०० पासून मादाम क्युरी सेव्ह्र येथील मुलींच्या अध्यापिका महाविद्यालयात शिकवीत होत्या. नुसत्या फळ्यावरच्या विज्ञानाऐवजी विद्यार्थिनींच्या हाती उपकरणे देण्याचा पाठ त्यांनी तेथे घालून दिला.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून पिएर गेले. थोरली इरेन आठ वर्षांची होती आणि धाकटी एव्ह दीड वर्षाचीही नव्हती. पतीच्या जागी व्याख्याने देण्याचे काम विद्यापीठाने मादाम क्युरींवर सोपवले. सोरबोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या मुलींना आणि वृद्ध सासऱ्यांना घेऊन पॅरिसजवळच्या सो या गावी राहावयास गेल्या.

इरेनचा स्वभाव बापावर गेला होता. ती सावकाश विचार करी, पण खोलवर करी. कोंदट वर्गात दिवसभर बाकावर बसवून, पाठांतर करून घेऊन या मुलीचे काय होईल, हा प्रश्न आईला छळू लागला. मुलांनी मोकळ्या हवेत हिंडावे, अभ्यासाचे तास थोडेच असावेत, पण त्या थोड्या तासांत मन आणि हात दोन्ही गुंतलेले असावेत, असे त्यांचे मत होते. सोरबोनमधील स्नेह्यांपुढे त्यांनी ते मांडले आणि त्यातून पालकांची सहकारी शाळा उभी राहिली. तिला इमारत नव्हती. ज्याचा विषय, त्याच्या घरी वा प्रयोगशाळेत मुलांनी जायचे. रसायनशास्त्र झां पेरँ यांच्याकडे आणि गणित पॉल लांजव्हँ यांच्याकडे होते. साहित्य, इतिहास आणि भाषा पेरँ आणि शाव्हान यांच्या पत्नींकडे, निसर्गविज्ञान मूतों यांच्याकडे, तर चित्रकला आणि मातीकाम शिल्पकार मागरू यांच्याकडे होते. पदार्थविज्ञान अर्थातच मादाम क्युरींकडे आले.

त्यांच्या वर्गाची सुरुवात अगदी साध्या वस्तूपासून होई. रिकाम्या दिसणाऱ्या बाटलीत खरोखर काहीच नसते काय? तोंड खाली करून ती पाण्यात दाबली तर पाणी आत शिरत नाही. थोडी कलती केली की बुडबुडे वर येतात आणि त्यांच्या जागी पाणी शिरते. म्हणजे बाटलीत हवा होती. मग या हवेला वजन आहे काय? पंपाने हवा काढून टाकलेले भांडे तराजूत घातले की ते हलके भरते. एक लिटर हवेचे वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास असते, पण चांगल्या तराजूला तेवढे पुरते. तेथून गाडी हवेच्या दाबाकडे, वायुभारमापकाकडे आणि नळाला पाणी येते कसे याकडे वळे. गोड्या पाण्यात बुडणारे अंडे मीठ विरघळवलेल्या पाण्यात तरंगते, हे पाहिल्यावर घनतेची व्याख्या पाठ करावी लागत नसे. हे प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात आजही होतात.

सायकलीतील पोलादी गोळी शाईत बुडवून तिरप्या फळीवर सोडली की तिची वाट अन्वस्ताच्या वळणाने कागदावर उमटे आणि पडणाऱ्या वस्तूचा नियम मुलांना डोळ्यांनी दिसे. काजळी धरलेल्या कागदावर लंबकाचे झोके रेखले जात. मुलांनी स्वतः बनवलेला आणि अंश आखलेला तापमापक बाजारातल्या तापमापकाशी जुळला, तेव्हा त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. एकदा त्यांनी विचारले की गरम द्रवाने भरलेले भांडे गरमच ठेवायचे तर काय करावे. कोणी लोकरीत गुंडाळा म्हणाले, कोणी आणखी अवघड युक्त्या सुचवल्या. त्या हसून म्हणाल्या की आपण आधी झाकण ठेवू. शिस्तीला मात्र सूट नव्हती. पसारा करून मग आवरण्यापेक्षा काम करतानाच टेबल स्वच्छ राहिले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

या धड्यांची टिपणे इझाबेल शाव्हान या मुलीने वहीत उतरून ठेवली होती. ती फार उशिरा, २००३ मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून हा वर्ग आज आपल्याला इतक्या बारकाईने पाहता येतो. त्या काळी मात्र लोकांना तो विचित्रच वाटला. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळा लहान पोरांच्या हाती दिल्या असून अजून स्फोट झालेला नाही, अशी थट्टा वृत्तपत्राने केली.

ही शाळा दोनच वर्षे टिकली. पालकांच्या अंगावर संशोधनाचा भार होता आणि मुलांना पुढे सरकारी परीक्षांना बसायचे होते. शिवाय एका अर्थी ती भाग्यवंतांची शाळा होती. घराघरात सोरबोनचा प्राध्यापक कोठून येणार? ही मर्यादा विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या वर्गातील बाटली, मीठ आणि अंडे यांना प्राध्यापक लागत नव्हता. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारे वडीलधारे माणूस तेवढे लागत होते.

१९११ मध्ये मादाम क्युरींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या घेऊन त्या आघाडीवर गेल्या, तेव्हा विशीच्या आतली इरेन आईच्या बरोबरीने जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्यांचा ठाव घेत होती. १९३४ च्या जानेवारीत इरेन आणि तिचे पती फ्रेदेरिक जोलिओ यांनी कृत्रिम किरणोत्साराचा शोध लावला. तो आईला पाहता आला. त्याच वर्षी ४ जुलैला, बहुधा आयुष्यभर अंगावर घेतलेल्या किरणांमुळे जडलेल्या रक्ताच्या आजाराने, मादाम क्युरी निवर्तल्या. इरेन आणि फ्रेदेरिक यांना १९३५ चे नोबेल मिळाले ते त्यानंतर. सहकारी शाळेतला दुसरा विद्यार्थी फ्रान्सिस पेरँ पुढे फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख झाला.

वर्गातील सगळीच मुले शास्त्रज्ञ झाली नाहीत आणि तसा हेतूही नव्हता. ज्या मुलीला वडिलांची उपकरणे काचेआडून पाहावी लागली, तिने मोठेपणी दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती ती निःशंकपणे सोपवली. मादाम क्युरींच्या दोन्ही नोबेलांची नोंद इतिहासात आहेच. ही दोन वर्षेही त्यांच्याशेजारी नोंदवण्याजोगी आहेत.