बिशप कोमेनियस व आईच्या मांडीवरील शाळा

लहान मुलास नवी भाषा कशी शिकवावी, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील शाळांस नवा नाहीं. घरीं एक बोली, शाळेंत दुसरी व पुस्तकांत तिसरी, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आढळते. ह्या प्रश्नापायीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेचलें, आणि ज्यांनीं त्याचें उत्तर पाळण्याजवळच्या गाण्यापासून शोधावयास आरंभ केला, त्या जॉन आमोस कोमेनियस ह्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोराविया प्रांतांत झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकांत मोडतो. त्यांचें घराणें बोहेमियन बंधूंच्या मंडळीचें होतें. ही मंडळी लूथरसाहेबांच्या जन्मापूर्वींच, १४५७ सालीं, स्थापन झालेली. आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेंत सर्वांनीं मिळून गाणें हा तिच्या उपासनेचा प्राण होता. कोमेनियस लहानपणींच पोरके झाले. प्रेरोव येथील लॅटिन शाळेंत त्यांचा प्रवेश झाला तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. त्या काळीं लॅटिन आल्यावांचून विद्येचें दार उघडत नसे, आणि तें शिकविण्याची रीत म्हणजे न समजणारे व्याकरणाचे नियम पाठ करणें व चुकल्यास छडी खाणें. शाळा म्हणजे मुलांच्या बुद्धीचे कत्तलखाने, असें कडक मत पुढें त्यांनीं लिहून ठेविलें, तें स्वतः भोगलेल्या दुःखावरून होय.

१६१६ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली व पुढें फुल्नेक गांवची मंडळी त्यांच्या हातीं आली. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागजवळ व्हाइट माउंटन येथें प्रॉटेस्टंट सैन्याचा पराभव झाला आणि त्यांच्या सुखाचे दिवस संपले. घर लुटलें गेलें. १६२२ सालीं पत्नी व दोन्ही मुलें महामारीनें गेलीं. ते स्वतः रानोमाळ लपत फिरले, आणि १६२८ सालीं आपल्या लोकांबरोबर सीमा ओलांडून पोलंडांतील लेश्नो शहरीं आले. मायदेशीं राहण्याचा योग त्यांस पुन्हां आला नाहीं.

आतां लेश्नोची स्थिति पाहा. भोंवतीं पोलिश व जर्मन बोलणारे लोक, मध्यें ही निर्वासित मंडळी, आणि तिच्या पदरीं लहान लहान मुलें. हीं मुलें आपली चेक भाषा विसरलीं तर मंडळीचीं गीतें व शास्त्र त्यांस परकीं होणार. आणि शेजाऱ्यांच्या भाषा व लॅटिन न शिकलीं तर परमुलुखांत त्यांचा निभाव कसा लागणार? अशा वेळीं कोमेनियस ह्यांनीं सहा वर्षांखालील मुलांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचें नांव मातृशाळा. तें विद्वानांकरितां नव्हे, आईबापांकरितां आहे.

त्यांतील संगीताविषयींचा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. मूल जन्मतांच रडतें, तेंच त्याचें पहिलें गाणें, असें ते मानितात. तें रडणें शांत होतें तेंही गाण्यानेंच, म्हणजे आईच्या गुणगुणण्यानें. पुढें खुळखुळा व वाद्यांचे नाद कानीं पडावे, आणि बोलूं लागल्यावर मुलानें उपासनेंतील सोपीं गीतें घरच्यांबरोबर म्हणावीं. अर्थ पुरता कळो वा न कळो, यमक व ताल ह्यांनीं मुलास आनंद होतो, आणि त्या आनंदांत शब्द आपोआप मनांत राहतो, हें त्यांनीं नीट पाहिलें होतें. शाळेंत गेल्यावरही पहिलीं सहा वर्षें शिक्षण मातृभाषेंतूनच व्हावें, ओळखीच्या चाली गाव्या, स्तोत्रें मुखोद्गत करावीं. शेजाऱ्यांची भाषा दहाव्या वर्षानंतर शिकावी आणि लॅटिन त्याहूनही पुढें, असा क्रम त्यांनीं आंखून दिला.

गाण्यानें भाषा सुलभ कां होते? आमच्या समजुतीप्रमाणें कारण साधें आहे. बोलतांना शब्द धांवत जातात; गातांना प्रत्येक अक्षर लांबतें व सुटें ऐकूं येतें. तेंच पद दहा वेळां म्हणण्यास मूल कंटाळत नाहीं, पण तेंच वाक्य दहा वेळां म्हणावयास सांगा, म्हणजे तें पळून जाईल. शिवाय जें लाजरें मूल एकटें तोंड उघडीत नाहीं, तेंही घोळक्यांत गाऊं लागतें. तान्हें मूल आईचा आवाज व तिच्या भाषेची लय पोटांत असल्यापासून ऐकत असतें, हें तर आजच्या शास्त्रज्ञांनीं प्रयोगांनीं सिद्ध केलें आहे. कोमेनियस ह्यांजवळ प्रयोगशाळा नव्हती. पाळणे मात्र त्यांनीं पुष्कळ पाहिले होते.

परंतु गाणें पाठ झालें म्हणजे भाषा आली, असें ते कधींही मानीत नसत. शब्दाबरोबर वस्तूही दिसली पाहिजे, नाहींतर ती पोपटपंची होय, हा त्यांचा आग्रह. १६५० सालीं राकोत्सी घराण्याच्या बोलावण्यावरून ते हंगेरींतील शारोश्पाताक येथें शाळा सुधारण्यास गेले, तेथें त्यांनीं ह्याच तत्त्वावर मुलांकरितां चित्रमय जग नामक पुस्तक रचिलें. तें १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें छापून निघालें. प्रत्येक पाठास चित्र, व शब्द दोन भाषांत, लॅटिन आणि जर्मन. त्याच्या आरंभींची मुळाक्षरें पाहण्याजोगीं आहेत. प्रत्येक अक्षरास एका प्राण्याचा किंवा वस्तूचा आवाज दिला आहे: कावळा आ आ करितो, कोंकरूं बे बे करितें, वारा फी फी वाहतो, साप सी सी फुत्कारतो. म्हणजे अक्षर डोळ्यांनीं ओळखण्यापूर्वीं तें कानांनीं व कंठानें ओळखावयाचें. बाराखडी केवळ फळ्यावर लिहून मोकळे होणाऱ्या गुरुजींनीं हीं दोन पानें अवश्य पाहावीं. त्याच शारोश्पाताक येथें त्यांनीं लॅटिनचे पाठ नाटकांच्या रूपानें मुलांकडून करविले. तेथील शिक्षकांस हा पोरखेळ वाटे, मुलांस तो फार आवडे.

ह्या थोर पुरुषाच्या अंगीं दोष नव्हता असें नाहीं. आपल्या काळच्या काहीं स्वयंघोषित भविष्यवाद्यांवर त्यांनीं भोळेपणानें विश्वास ठेविला, त्यांचीं भाकितें छापविलीं, आणि तीं खोटीं ठरल्यावर लोकांची थट्टा सोसली. देशावांचून झालेला मनुष्य परत जाण्याची आशा कोठें कोठें शोधील, ह्याचा अंदाज करणें कठीण नाहीं.

१६५६ सालीं युद्धांत लेश्नो जळलें. त्यांत त्यांचें घर, ग्रंथसंग्रह, आणि चाळीसहून अधिक वर्षें खपून तयार केलेला चेक व लॅटिन शब्दकोश राख झाला. ते तेव्हां चौसष्ट वर्षांचे होते. अ‍ॅम्स्टरडॅम येथें आश्रय मिळाल्यावर त्यांनीं पहिल्या कांहीं कामांत कोणतें हातीं घेतलें? पांगलेल्या आपल्या मंडळीकरितां चेक भाषेंतील गीतांचें पुस्तक. त्यांत जुनीं गीतें निवडून घातलीं व कांहीं स्वतः रचिलीं. तें १६५९ सालीं छापलें गेलें. शब्दकोश गेला तो गेला. पण ज्या मुलांस शब्द शिकावयाचे, त्यांच्या तोंडीं द्यावयास गाणीं तरी उरलीं.

१५ नोव्हेंबर १६७० रोजीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें ते वारले, व जवळच्या नार्देन गांवीं त्यांस पुरण्यांत आलें. आपली मंडळी आपल्याबरोबर संपली असें त्यांस वाटे. पण १७३५ सालीं त्यांच्याच कन्येचा पुत्र बिशप याब्लोन्स्की ह्यांनीं हात ठेवून नव्या मोरेवियन मंडळीस पहिला बिशप दिला. मातृशाळा हें पुस्तक मात्र आधीं, १६३३ सालीं, जर्मन भाषेंत निघालें होतें. ज्या चेक आयांसाठीं तें मूळ लिहिलें होतें, त्यांच्या भाषेंतील हस्तलिखित लेश्नो येथें दोन शतकें तसेंच पडून होतें. तें सांपडून छापलें गेलें १८५८ सालीं.