सुभाष मुखोपाध्याय

डॉ. सुभाष मुखोपाध्याय ऊर्फ सुभाष मुखर्जी (जन्म : हजारीबाग, १६ जानेवारी १९३१, मृत्यू : कोलकाता, १९ जून १९८१) हे प्रजननशास्त्रात संशोधन करणारे भारतीय डॉक्टर होते. शरीराबाहेर फलित करून गोठवलेले मानवी भ्रूण गर्भाशयात सोडून झालेल्या पहिल्या जन्माचे श्रेय त्यांना दिले जाते. या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही.

शिक्षण आणि अध्यापन

मुखोपाध्याय यांनी कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेजमधून १९५५ साली वैद्यकीय पदवी घेतली. प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. (१९५८) आणि त्यानंतर संप्रेरकशास्त्रात एडिंबरा विद्यापीठाची दुसरी पीएच.डी. (१९६७) मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी कोलकात्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे बांकुडा येथे अध्यापन केले.

गोठवलेल्या भ्रूणाचा प्रयोग

बीजवाहिन्या निकामी झाल्यामुळे मूल होऊ न शकलेल्या एका स्त्रीवर त्यांनी हे उपचार केले. शीतजैवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच स्त्रीबीज दुर्बिणीच्या साहाय्याने काढले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली आणि ती योनिमार्गाने छेद घेऊन बाहेर काढली.

मात्र अशा संप्रेरकांमुळे त्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास अनुकूल राहत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवले. पेशींमधील पाण्याचे स्फटिक झाल्यास पेशी फुटतात; ते टाळण्यासाठी त्यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य वापरले. ५३ दिवसांनी, पुढील एका नैसर्गिक ऋतुचक्रात, भ्रूण पूर्ववत करून गर्भाशयात सोडण्यात आले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात मुलीचा जन्म झाला. ती ‘दुर्गा’ या नावाने ओळखली जाते. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिचा जन्म त्याच वर्षी २५ जुलै रोजी झाला होता.

चौकशी आणि मृत्यू

मुलीच्या आईवडिलांना प्रसिद्धी नको होती. त्यामुळे उपचाराचा पुरावा जाहीरपणे मांडणे कठीण झाले. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने हा दावा अविश्वसनीय ठरवला. १९७९ साली जपानमधील परिषदेचे निमंत्रण आले, पण तेथे जाण्याची परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्याच्या प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्थेत झाली. तेथील कामाचा त्यांच्या संशोधनाशी संबंध नव्हता. १९ जून १९८१ रोजी त्यांनी राहत्या घरी आत्महत्या केली.

मुंबईतून मिळालेली मान्यता

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदी उपलब्ध असलेला हा देशातील पहिला असा जन्म मानला गेला.

१९९७ साली आनंदकुमार यांना कोलकात्यात मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे पाहायला मिळाली. ती तपासल्यावर मुखोपाध्याय यांचा प्रयोग खरा असल्याची त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय मुखोपाध्याय यांना दिले. तोवर ते श्रेय स्वतः आनंदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होते. २००२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुखोपाध्याय यांच्या कार्याची दखल घेतली. २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवशी, दुर्गा स्वतः लोकांसमोर आली.

वारसा

गोठवलेल्या भ्रूणापासून झालेला जन्म म्हणून जगाने प्रथम मान्य केलेला जन्म १९८४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. आज वंध्यत्वावरील उपचारांत भ्रूण गोठवणे ही नित्याची पद्धत आहे. आता अतिजलद गोठवण्याच्या तंत्रामुळे पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होत नाहीत आणि भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले जातात. उरलेले भ्रूण पुढील प्रयत्नासाठी राखता येतात. तसेच बीजांडकोश अतिउत्तेजित होण्याचा धोका असल्यास रोपण पुढे ढकलता येते. जळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आता हे उपचार उपलब्ध आहेत. मात्र गोठवलेले भ्रूण वापरल्याने गर्भधारणा होईलच असे नाही. स्त्रीचे वय आणि भ्रूणाची प्रत यांवर यश बरेच अवलंबून असते.

मुखोपाध्याय यांच्या आयुष्यावर आधारित ‘एक डॉक्टर की मौत’ हा तपन सिन्हा दिग्दर्शित हिंदी चित्रपट १९९० साली तयार झाला. तो रमापद चौधुरी यांच्या ‘अभिमन्यू’ या बंगाली कथेवर बेतलेला आहे.