‘ई. कोलाय’मधला ‘ई’ कोण?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कॅन्टीनच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट मागून बघा. त्यात ‘ई. कोलाय’ अशी एक ओळ असते. समोर ‘आढळला नाही’ दिसलं की सगळे निश्चिंत! पण हा ‘ई’ म्हणजे चक्क एका माणसाचं आडनाव आहे, हे माहितीये? थिओडोर एशेरिश, लहान मुलांचे डॉक्टर. आणि हा जिवाणू त्यांना गटाराच्या पाण्यात नाही, तर तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला.

एशेरिश यांचा जन्म १८५७ चा, जर्मनीतल्या आन्सबाखचा. १८८४ मध्ये नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा अभ्यासासाठी ते तिथे गेले. मग म्युनिकमध्ये कामाला लागले. त्या काळी जुलाबाने बाळं पटापट दगावायची, त्यातही वरच्या दुधावरची जास्त. सगळे संशोधक आजाराचे जंतू शोधत होते. एशेरिश यांनी आधी साधा प्रश्न घेतला : ठणठणीत बाळाच्या पोटात काय असतं?

त्यासाठी ते बाळांची शी तपासत बसले. किळसवाणं वाटेल, पण उत्तर तिथेच होतं. जन्मानंतरच्या पहिल्या काळपट शीमध्ये सुरुवातीला जिवाणू दिसत नव्हते. काही तासांतच ते हजर व्हायचे. दूध सुरू झालं की त्यांची वस्ती बदलायची. १८८५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं, पुढच्याच वर्षी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यातला एक जिवाणू म्हणजे आजचा ई. कोलाय. त्याचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात गुपचूप राहतात, काहीच त्रासदायक असतात.

पुढे ते ग्रात्सला आणि १९०२ मध्ये व्हिएन्नाला प्राध्यापक झाले. तिथे १९०३ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांसाठी संस्था काढली, स्तनपानाचा प्रचार केला. पण घरात मात्र नियती क्रूर निघाली. त्यांचा मुलगा लिओ लहानपणीच अपेंडिक्सच्या आजाराने गेला. १९११ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी एशेरिशही गेले. जिवाणूला त्यांचं नाव मिळालं ते त्यानंतर.

त्यांचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही बाळांच्या आतड्याला गंभीर सूज येते, आतड्याचा भाग मरतो. पोटातली जिवाणूंची पहिली वस्ती बिघडण्याशी याचा संबंध असल्याचं दिसतंय. आईच्या दुधावर हा धोका कमी होतो. स्वतःच्या आईचं दूध पुरत नसेल, तर दुसऱ्या आईने दान केलेलं दूध कामी येतं. त्यासाठीची आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये सुरू झाली, तीही आपल्या ठाण्याहून लोकलने जेमतेम तासाभरावर, सायन हॉस्पिटलात.

तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्टमध्ये ‘ई’ दिसला, की बाळांची शी तपासत बसलेला तो डॉक्टर नक्की आठवा!