वकिली सोडून रेकॉर्ड कंपनीत: जी. एन. जोशी

आमच्या बारामती-इंदापूर भागात गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारी पोरं भरपूर. पण गाण्याच्या धंद्याच्या बाजूला शिरायचं कसं, असं कुणी विचारलं की मी जी. एन. जोशींचं नाव घेतो.

गोविंदराव जोशी (1909–1994) नागपूरचे वकील. गळाही चांगला, ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ कवितेची त्यांची रेकॉर्ड गाजली होती. 1938 मध्ये ते एचएमव्हीत नोकरीला लागले. काम काय? कलाकार हेरायचे, त्यांना राजी करायचं, रेकॉर्डिंग पार पाडायचं. आजच्या भाषेत ‘ए अँड आर’.

खरी अडचण तबकडीची होती. ती मिनिटाला 78 फेरे घ्यायची, त्यामुळे एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला एवढ्यात बसवायचं म्हणजे बघा! मशीन कुणीही चालवेल, पण गवयाला पटवणं हे कसब, आणि ते गाण्याची जाण असलेल्या माणसालाच जमणार, असं मला वाटतं.

पुढे एलपी आली. फेरे 33⅓, खाचा बारीक, एका बाजूला वीसेक मिनिटं. जोशींनी ही जागा नीट वापरली. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मीरमधल्या मेंढपाळाचा अख्खा दिवस मांडलाय. वाजवणारे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा तेव्हा तिशीच्या आगेमागे होते. निर्माते जोशी.